अंगण आणि वर्ग

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी गेल्या जूनमध्ये मला विचारले, नातीला तीन वर्षे पूर्ण झाली, तिला वस्तीतल्या अंगणवाडीत घालू की महापालिकेच्या शाळेतल्या बालवाडीत? भांडुपच्या डोंगरउतारावर त्यांचे घर. दोन्ही ठिकाणे जवळच. मराठीच्या प्राध्यापिकेकडे उत्तर तयार असणार, अशी त्यांची समजूत. ते नव्हते. तेव्हा एका सकाळी आम्ही दोन्ही पाहून आलो.

अंगणवाडी म्हणजे भाड्याची एक खोली. कोपऱ्यात वजनकाटा, धान्याची पोती, रजिस्टरांची चळत. सेविका मुलांना पावसाविषयी विचारत होत्या आणि मुले एकमेकांना ढकलत उत्तरे देत होती; कुणाच्या घरात पाणी शिरले होते, कुणाची चप्पल वाहून गेली होती. पंधरा मिनिटांत दाराशी एक गरोदर बाई आली, मग मोबाइलवर वजने भरायची वेळ झाली, आणि पाऊस तिथेच थांबला.

बालवाडीचा वर्ग मोठा, भिंती रंगवलेल्या, मुले रांगेत. 'ए फॉर ॲपल' एका सुरात चालले होते. आम्ही अर्धा तास बसलो. तेवढ्या वेळात एकाही मुलाने आपणहून काही विचारले नाही. मावशी मात्र खूश झाल्या. "इथं शाळा वाटते," त्या म्हणाल्या.

'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांचा. गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला. आदिवासी मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही त्यामागची कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. शब्द तिने उचलला; पण पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी असल्या सहा सेवांत शिक्षण ही एक सेवा होऊन बसली. त्या सेविकेची पंधरा मिनिटे मला म्हणूनच मोलाची वाटली. तिच्या वाट्याला तेवढीच उरतात.

भाषेच्या अभ्यासकाला इथे आणखी एक गोष्ट खटकते. शिक्षिकेला वेतन असते, सेविकेला मानधन. शब्दात मान आहे, धनाचे काय ते सर्वांना ठाऊक आहे. उपदान मिळण्याचा तिचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकाच पायाभूत टप्प्यात आणला, पण मुलाचे वजन एका खात्याकडे आणि अक्षरे दुसऱ्याकडे, ही विभागणी वस्तीत तशीच दिसते.

खोली, गणवेश आणि इंग्रजी यांवरून तुलना केली तर अंगणवाडी हरणारच. मुलाशी कोण बोलते आणि त्याचे बोलणे कोण ऐकते, हे विचारले तर निकाल वेगळा लागेल. हे मावशींना सांगावे असे परत येताना फार वाटत होते. सांगितले नाही. माझी मुलगी तीन वर्षांची असताना मी तिला खाजगी इंग्रजी नर्सरीत घातले होते, आणि तिचा डबा, गणवेश, बूट या मावशींनीच रोज सकाळी तयार केले होते. नात बालवाडीत जाऊ लागली आहे.