सर्व्हो नवा घ्यावा कीं दुरुस्त करावा?

घरांत एखादी वस्तु मोडली, कीं घरांतील माणसांचे तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "टाकून द्या व नवी आणा." दुसरा म्हणतो, "पाहूं या तर खरें, काय झालें आहे तें." हा वाद पंख्यावरून होतो, शिवणाच्या यंत्रावरून होतो, घड्याळावरून होतो, आणि अलीकडे कांहीं घरांतून तो मुलांच्या बिनतारी हेलिकॉप्टरवरूनहि होऊं लागला आहे.

असा एक वाद आम्हीं आमच्या परिचयाच्या एका घरीं प्रत्यक्ष ऐकला. मुलगा नववींत शिकणारा. दोन वर्षें सांठविलेल्या पैशांत आजोबांनीं भर घातली, तेव्हां कोठें त्याला ४५० वर्गाचें हेलिकॉप्टर घेतां आलें. तिसऱ्याच आठवड्यांत तें जमिनीवर आपटलें. मोडलेलीं पातीं बदलून झालीं. परंतु त्याच्या चार सर्व्होंपैकीं एक हुकूम मिळतांच मध्येंच अडके व करकर वाजे, आणि दुसरा एक स्वस्थ असतांहि गुणगुणत राही. वडील म्हणाले, "या खेळाचा खर्च आतां पुरे." मुलगा म्हणाला, "बाबा, धातूच्या चाकांचे चारहि सर्व्हो नवे घेतले, म्हणजे पुन्हां मोडणार नाहींत." दोघांपैकीं एकानेंहि बिघडलेला सर्व्हो उघडून पाहिला नव्हता. आमच्या मतें चूक दोघांचीहि सारखीच होती. ती कशी, हें सांगण्यासाठींच हा लेख.

सर्व्हो हा शब्द लॅटिन भाषेंतील सेवक अथवा दास या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. फ्रान्समधील जोसेफ फार्को या यंत्रज्ञानें इ. स. १८७३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत 'सर्व्हो-मोटर' हें नांव वापरलें. त्याचें यंत्र वाफेच्या शक्तीनें जहाजाचें सुकाणूं फिरविण्यासाठीं होतें. आजच्या लहान हेलिकॉप्टरांतील सर्व्हो काड्यांच्या पेटीहूनहि लहान असतो. त्याच्या पोटांत चार गोष्टी असतात : एक चिमुकली विजेची मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढविणाऱ्या दांतेरी चाकांची मालिका, बाहेरचा दांडा कोणत्या कोनांत उभा आहे हें सांगणारा पोटेन्शिओमीटर, आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारें विद्युन्मंडल. रिसीव्हरकडून साधारणतः सेकंदास ५० वेळां हुकूम येतो. हुकूम म्हणजे विजेचा एक क्षणिक ठोका. तो दीड मिलिसेकंद टिकला तर दांडा मध्यावर येतो, एक मिलिसेकंद टिकला तर एका टोंकाकडे जातो, दोन टिकला तर दुसऱ्या टोंकाकडे. हुकूम व दांड्याची खरी जागा यांत अंतर असेपर्यंत मोटर फिरत राहते. अंतर मिटलें, कीं थांबते.

हेलिकॉप्टरांत असे चार सेवक राबतात. तिघे मिळून स्वॉशप्लेट नांवाची तबकडी वर-खालीं करितात व कलवितात, आणि तिच्या योगें मोठ्या पात्यांचा कोन बदलतो. चौथा शेपटीच्या पंख्याचा कोन बदलून यंत्राचें तोंड एका दिशेस राखतो. लहान विमानाचा एखादा सर्व्हो निकामी झाला, तरी कधीं कधीं तें तरंगत खालीं आणतां येतें. हेलिकॉप्टरच्या पहिल्या तिघांपैकीं एकानें काम सोडलें, तर तबकडी भलतीकडे कलते व यंत्र चालकाच्या हातीं राहत नाहीं.

हें खेळणें आहे, असें म्हणून कोणी हंसूं नये. या वर्गाच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा व्यास सुमारें ७०० मिलिमीटर असतो. पातीं मिनिटास २,५०० फेरे घेत आहेत असें धरून गणित मांडावें : टोंकाचा वेग सेकंदास ९१ मीटर, म्हणजे ताशीं सव्वातीनशें किलोमीटरांच्या वर जातो. याहून मोठ्या वर्गाचीं यंत्रें तर फारच भयंकर. इ. स. २०१३ च्या सप्टेंबर महिन्यांत न्यूयॉर्क शहराच्या ब्रूक्लिन भागांत एका एकोणीस वर्षांच्या तरुणाचा स्वतःच उडवीत असलेल्या हेलिकॉप्टरच्या आघातानें मृत्यु झाला. ज्या घराची गोष्ट आम्ही सांगत आहों, तेथें मुलाची धाकटी बहीण उड्डाण पाहण्यास दर वेळीं त्याच्या शेजारींच उभी राहत असे. म्हणून सर्व्हो नीट झाला कीं नाहीं, हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे.

आमचें मत थोडक्यांत असें, कीं बिघाडाचें कारण सांपडल्यावांचून नवा भाग विकत घेण्याचा कोणालाहि अधिकार नाहीं. आणि कारण सांपडल्यावांचून यंत्र उडविण्याचा तर नाहींच नाहीं.

त्या दिवशीं आम्हीं मुलाला प्रथम मोठीं पातीं काढून ठेवण्यास व मुख्य मोटरच्या तारा सोडविण्यास सांगितलें. ही खबरदारी घेतल्याशिवाय मेजावर तपासणी करूंच नये. नंतर प्रत्येक सर्व्होपासून त्याची जोडदांडी सुटी केली, आणि एकेका सर्व्होला एकट्यालाच हलवून पाहिलें. अडकणारा सर्व्हो एकटा असतांहि अडकला. त्याचा दोष त्याच्याच पोटांत होता. परंतु गुणगुणणारा सर्व्हो जोडदांडी सुटतांच गप्प झाला. दांडी किंचित् वांकली होती व तिच्या टोंकाची खोबण गोळीवर घट्ट बसली होती. बिचारा सेवक हुकुमाप्रमाणें जाऊं पाहत होता, पण वाट अडल्यामुळें पोंचत नव्हता. म्हणून मोटर सारखी धडपडत होती, वीज खात होती व तापत होती. याच्या जागीं कितीहि महागाचा सर्व्हो बसविला असता, तरी तोहि तसाच तापला असता, आणि कदाचित् भर उड्डाणांत जळला असता. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, अशी ही गत झाली असती.

आतां अडकणारा सर्व्हो. त्याच्या तळाचे चार लांब स्क्रू काढले व तो सरळ उभा धरून वरचें झांकण अलगद उचललें. घाई केली तर चाकें मेजावर सांडतात व त्यांचा क्रम लागत नाहीं. म्हणून मुलानें प्रथम त्यांचें चित्र काढून घेतलें. भिंगांतून पाहतां एका नायलॉनच्या चाकाचे दोन दांते उडालेले दिसले. असें झालें असतां एकच चाक न बदलतां सगळा संच बदलणें शहाणपणाचें. कारण जें चाक शाबूत दिसतें, त्यासहि धक्का बसलेलाच असतो. तुटलेल्या दांत्यांचे कण ब्रशानें झाडून काढावे, नव्या चाकांस ग्रीसचें अगदीं थोडें बोट लावावें, झांकण जोर करून दाबूं नये. तें सहज बसत नसेल, तर एखादें चाक जागेवर नाहीं असें समजावें. स्क्रू पकडून ठेवणारें द्रव्य धातूंतील स्क्रूस लावतात. प्लॅस्टिकच्या भागांस तें लागूं देऊं नये, कारण त्यानें कित्येक प्लॅस्टिकें तडकतात. हें सर्व काम एका संध्याकाळचें आहे, आणि चाकांच्या संचास नव्या सर्व्होहून पुष्कळ कमी पैसे पडतात.

मग मुलाच्या धातूच्या चाकांचें काय? सुधारणा करूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. हायटेक कंपनीचा एचएस-६५ हा लहान सर्व्हो कार्बोनाइट नांवाच्या बळकट प्लॅस्टिकच्या चाकांचा व धातूच्या चाकांचा, अशा दोन रूपांत निघाला. दोन्ही रूपांस चाहते मिळाले, तें उगीच नव्हे. धातूचें चाक आघातांत सहसा मोडत नाहीं, हें खरें. परंतु त्यामुळें आघात नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या दुबळ्या भागाकडे जातो. मग जोडदांडी वांकते, सर्व्हो ज्या कानांवर बसविलेला असतो ते तुटतात, किंवा तबकडीलाच इजा होते. स्वस्त चाक मोडून महाग भाग वांचला, असें पुष्कळदां घडतें. शिवाय धातूचीं चाकें कालांतरानें झिजतात व त्यांच्या दांत्यांत सैलपणा येतो. प्लॅस्टिकचें चाक मोडतें तें ओरडून सांगतें. धातूचें झिजतें तें मुकाट्यानें. धातूचीं चाकें बसविलीं म्हणून निर्धास्त होणाऱ्यानें दांडा बोटांत धरून सैलपणा वरचेवर पाहिला पाहिजे.

सुधारणा करावयाचीच, तर ती कशासाठीं हें प्रथम ठरवावें. शेपटी वाऱ्यानें भरकटत असेल, तर तेथें जोरापेक्षां वेग अधिक हवा. म्हणून दांडा ६० अंश फिरण्यास सेकंदाचा कितवा भाग लागतो, हा आंकडा पाहावा. तबकडीच्या सर्व्होंस जोर हवा; तो किलोग्रॅम-सेंटिमीटरांत दिलेला असतो. त्यानंतर विजेचा दाब : जो सर्व्हो ६ व्होल्टांपर्यंतच चालण्यासाठीं केलेला आहे, त्यास ८.४ व्होल्टांवर जोडल्यास तो जळण्याचा संभव मोठा. जोरदार सर्व्हो वीजहि अधिक ओढतात. ती पुरविणारा भाग अपुरा पडला, तर रिसीव्हरच क्षणभर बंद पडतो व चारहि सेवक एकदम बहिरे होतात. शेपटीचे कित्येक सर्व्हो दीड मिलिसेकंदाऐवजीं ७६० मायक्रोसेकंदांचा ठोका मध्य मानतात. जायरोची मांडणी त्याप्रमाणें बदलावी लागते. दांड्याचे खांचेदेखील सारखे नसतात : फुताबाचे २५, हायटेकचे २४, जेआरचे २३, एकाचा हात दुसऱ्यावर बळेंच ठोकूं नये. इतकें पाहून जो सुधारणा करील, त्याचे पैसे वांयां जाणार नाहींत.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, व तो अगदींच निराधार नाहीं. "मुलाची एक संध्याकाळ दोन चाकांपायीं खर्चण्यापेक्षां त्यानें अभ्यास करावा, नवा सर्व्हो कांहीं फार महाग नाहीं," असें कित्येक पालक म्हणतील. शाळांच्या प्रयोगशाळांतून दिसणारा निळ्या रंगाचा, ९ ग्रॅम वजनाचा स्वस्त सर्व्हो घेतला, तर त्याच्याविषयीं हें बरोबरहि आहे. परंतु तोहि उघडून पाहिल्याशिवाय टाकूं नये. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत वेग व जोर यांचा व्यवहार मुलें पाठ करितात. तोच व्यवहार भिंगाखालीं चार चाकांत दिसला, म्हणजे पाठ करण्याची गरज उरत नाहीं. ती संध्याकाळ अभ्यासाचीच म्हटली पाहिजे.

दुसऱ्या बाजूनें, दुरुस्तीचा हट्टहि वाईट. पोटेन्शिओमीटर झिजून दांडा जागच्या जागीं थरथरूं लागला, विद्युन्मंडल जळालें, अथवा पेटीस तडा गेला, तर तो सर्व्हो पुन्हां आकाशांत नेऊं नये. त्यावर लाल शाईनें खूण करावी, म्हणजे तो चुकूनहि यंत्रांत जाणार नाहीं. थरथरणारा सर्व्हो प्रयोगशाळेंत रेल्वेच्या फाटकाची दांडी वर-खालीं करण्यास चालेल. ज्याचें मंडल जळालें, त्याचीं चाकें तरी कामास येतील. आपणांस जें नीट करतां आलें नाहीं, तें नीट झालें असें न म्हणणें, हा दुरुस्ती शिकणाऱ्याचा पहिला नियम आहे. आणि तो मोडण्याचा मोह रविवारीं सकाळीं, सर्व मित्र मैदानावर जमले असतां, फार मोठा असतो.

त्या मुलालाहि तो मोह झाला. नवीं चाकें शनिवारीं रात्रीं बसलीं, आणि दुसऱ्या दिवशीं मित्रांस बोलावलेलें होतें. वडिलांनीं शांतपणें विचारिलें, "तुझी बहीण तेथें उभी राहणार. तुझी खात्री आहे का?" मुलानें थोडा वेळ विचार केला व "अजून नाहीं" असें उत्तर दिलें. तो रविवार त्यानें तपासणींत घालविला : चारहि सर्व्हो सावकाश एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून पाहिले, तबकडी सपाट आहे कीं नाहीं तें मोजलें, जायरो योग्य दिशेस वळतो याची खातरी केली, वांकलेली दांडी बदलली. वडील शेजारीं दिवा धरून बसले होते. यंत्र पुढच्या रविवारीं उडालें. बहीण वडिलांजवळ पुष्कळ दूर उभी होती.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मुलानें पैसे मागितले असतां लगेच देऊं नये व लगेच नाकारूंहि नये, "उघडून पाहिलेंस का?" असें विचारावें, आणि शक्य असेल तर त्या वेळीं त्याच्या शेजारीं बसावें. शाळांसहि आमची सूचना आहे, कीं मोडक्या सर्व्होंची एक पेटी प्रयोगशाळेंत ठेवावी, व ज्यास असें यंत्र उडवावयाचें आहे त्यानें प्रथम त्यांतील एक उघडून, जोडून दाखवावा. विद्यार्थिमित्रहो, विश्वासू सेवकाचा दृष्टांत तुम्हीं प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. तुमच्या हुकुमाप्रमाणें राबणारे हे चार सेवक विश्वासू आहेत कीं नाहींत, हें पाहण्याची जबाबदारी मात्र धन्याची, म्हणजे तुमची आहे.