चार आणि चार किती?



गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. बोईसरच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारे एक बांधव मुलाला घेऊन आले. मला वाटले, पगाराचे किंवा पीएफचे काही अडले असेल. माझ्याकडे बहुधा तेच येते. पण हे निराळेच निघाले. म्हणाले, "भाऊ, पोराला कॉम्प्युटरात आणखी एक कार्ड घालायचंय. साडेपाच हजार लागतात. बोनसचे आहेत, पण ते मी पोरीच्या बारावीच्या क्लासला काढून ठेवलेत. हा म्हणतो, कार्ड घातलं की मेमरी डबल होईल. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही हिशेबातले, तुम्हीच सांगा."

मुलगा हुशार आहे, आयटीआय करतो. त्याच्या संगणकात आरएक्स ५७० नावाचे ४ जीबी मेमरीचे ग्राफिक कार्ड आहे, तेही सेकंडहँड. नवे गेम अडखळतात. दुकानात त्याला सांगितले, तसलेच दुसरे बसव, ४ आणि ४ मिळून ८ होतील. "काका, सगळेच असं म्हणतात," तो म्हणाला.

सगळे म्हणतात म्हणून खरे मानू नका, हे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. ते दुकानाच्या काउंटरलाही लागू पडते. मी बी.कॉम. झालेला कारकून, इंजिनिअर नव्हे. म्हणून आठ दिवसांची मुदत मागितली, वाचले, जाणकारांना विचारले, आणि मग त्या दोघांना घरी बोलावले.

ग्राफिक कार्डाची मेमरी म्हणजे पडद्यावरचे चित्र काढायला लागणाऱ्या मालाचे गोदाम. गेममधल्या भिंती, झाडे, चेहरे, कपडे सगळे तिथे भरलेले असते. दोन कार्डे जोडण्याच्या पद्धतीला एनव्हिडिया कंपनी एसएलआय म्हणत असे, एएमडी क्रॉसफायर. तीत काम साधारण असे वाटले जाते: पहिले चित्र पहिल्या कार्डाने काढायचे, दुसरे दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने. पण चित्र कोणीही काढो, त्यात तीच भिंत आणि तेच झाड. म्हणून सगळा माल दोन्ही गोदामांत जसाच्या तसा ठेवावा लागतो. आमच्या कचेरीत पूर्वी पगारपत्रक कार्बन घालून दोन प्रतींत काढत. कागद दुप्पट लागे, कामगार तेवढेच राहत. तसेच हे. पैसे ८ जीबीचे मोजले तरी गेमच्या वाट्याला ४ च येतात. चित्रे भराभर निघू शकतील, पण जागा वाढत नाही.

मुलाने लगेच विचारले, "मग एका कार्डाने दुसऱ्याच्या मेमरीतून माल आणावा ना, काका?" प्रश्न मला आवडला. आरएक्स ५७० आपल्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २२४ जीबी उचलू शकते. दुसऱ्या कार्डाकडे जाण्याची वाट मदरबोर्डाच्या स्लॉटमधून आहे. तिसऱ्या पिढीचा पूर्ण १६ पदरी स्लॉट असला तरी तिथून सेकंदाला सुमारे १६ जीबीच येतात, आणि स्वस्त मदरबोर्डाचा दुसरा स्लॉट बहुधा ४ पदरी असतो. माल कारखान्याच्या आवारात असणे आणि चिल्हार फाट्यावरून ट्रकने येणे, एवढा हा फरक. सेकंदाला ६० चित्रे काढायची तर ट्रकची वाट कोण पाहील?

लोकांचा गैरसमज व्हावा असे खोक्यांवरही छापलेले असे. २०१२ साली एनव्हिडियाचे जीटीएक्स ६९० आले. एकाच कार्डावर दोन चिप, मेमरी ४ जीबी. पण प्रत्येक चिपला त्यातले २ च.

मग मेमरीची बेरीज कधीच होत नाही का? होते. आपल्या पुण्यातच झाली आहे. १९९१ साली सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी होती आणि गणिताचे तुकडे पाडून ते वाटून द्यावे लागत. समजा हवामानाचे गणित आहे, तर एकाकडे कोकण, एकाकडे विदर्भ; शेजाऱ्याला फक्त हद्दीवरचे आकडे कळवायचे. सगळा नकाशा कोणालाच ठेवावा लागत नाही, म्हणून जागा साचत जाते. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी मॉडेलेही अशीच थर पाडून दोन-तीन कार्डांवर बसवतात, आणि तिथे ४ आणि ४ जवळजवळ ८ होतात.

गेममध्येही हे करता आले असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली डायरेक्टएक्स १२ आणले, त्यात कोणत्या कार्डाला कोणता माल द्यायचा हे ठरवण्याची मुभा गेम लिहिणाऱ्यांना मिळाली. पण ती मेहनतही त्यांच्याच गळ्यात पडली, आणि दोन कार्डे बाळगणारे गिऱ्हाईक मूठभर. मोजक्याच गेमनी दोन कार्डांची सोय केली. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नव्या गेमची जुळणी करणे थांबवले, आणि २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४० मालिकेच्या कार्डांना जोडणीची जागाच ठेवली नाही. म्हणजे जो रस्ता बंद झाला, त्याचे तिकीट या पोराला कोणी तरी विकत होते.

तरी त्याची खात्री पटेना. ते योग्यच. पालघरला त्याच्या मित्राकडे तसलेच कार्ड आणि दणकट पॉवर सप्लाय आहे (असे प्रत्येक कार्ड सुमारे १५० वॅट खाते, तो खर्च दुकानात कोणी बोललाच नव्हता). तिथे दोन्ही कार्डे बसवून त्याने आपला गेम लावला. टास्क मॅनेजरमध्ये दोन्हींची मेमरी वेगवेगळी, ४ आणि ४ अशी दिसली. गेम सुरू झाला तरी दुसऱ्या कार्डाचा काटा शून्यावरच.

त्या रात्री मी सांगितल्याप्रमाणे त्याने गेममधले टेक्श्चर 'हाय'वरून 'मीडियम'वर आणले. अडखळणे बरेच कमी झाले. भिंती थोड्या धूसर दिसतात म्हणाला.

मुलीची फी सोमवारी भरली. परवा बोईसर स्टेशनावर बापलेक भेटले. मुलगा म्हणाला, "काका, पुढच्या बोनसला हे विकून ८ चं एकच घेऊ."

वडील म्हणाले, "पुढच्या बोनसचं पुढं बघू."