सोळा तास म्हणजे सोळा तास नव्हे



इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं, "मुलगा काय, सोळा तासांवर आहे!" आणि मग घरातलं कुणी गेलं की मुक्तिधामात कुजबुज, "विमानं आहेत, पैसा आहे, तरी पोहोचला नाही." मला हे बोलणं अजिबात पटत नाही. सगळी नोकरी बँकेत आकडे जुळवण्यात गेली, म्हणून हाही हिशेब मांडतो.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण 12,400 किलोमीटर. वेग ताशी 900 धरला तर चौदा तास. पण हे कागदावर. एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्लीहून तिकडे जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट 15,000 किलोमीटरच्या वर गेली, पण वारा पाठीशी, त्यामुळे वेळ उलट कमी झाला. म्हणजे लांबची वाट लवकरची! पुढे 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा अमेरिकेच्या काही विमानांना तेलासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरावं लागलं. शहरं तीच, तास वाढले.

हे झालं नुसतं हवेतलं. आपण पहाटे दोनला फोन केला तर तिकडे हिवाळ्यात आदल्या दिवशीचे दुपारचे साडेबारा. मुलगा ऑफिसात. तिकीट शोधा, घरी जा, तीन तास आधी विमानतळ गाठा. थेट विमान सुटून गेलं असेल तर दुबई नाहीतर फ्रँकफर्टवरून या. दिल्लीला इमिग्रेशन, सामान, मग इंदूरचं विमान. रात्री उतरला तर सकाळपर्यंत बसून राहा. तीस तासांत दारात आला तर नशीब, चाळीस सहज होतात. शिवाय व्हिसाचा शिक्का संपला असेल तर परत जाताना अडकायची धास्ती. ती तो कुणाला सांगत नाही, आपणही विचारत नाही.

आमच्या लहानपणी मुंबईचा माणूस तार मिळाली की निघायचा, खंडव्याला गाडी बदलून मीटरगेजने यायचा. त्याच्यासाठी कुणी थांबत नसे आणि बोलही लावत नसे. दहाव्याला आला तरी चालायचं. आता बर्फाची पेटी आली आणि वाट पाहणं कर्तव्य होऊन बसलं. दोन दिवस घरात ती पेटी आणि शेजारी ऐंशी वर्षांची बायको बसलेली, हे मी पाहिलंय. त्या माउलीचे हाल कुणाच्याच हिशेबात नसतात.

आमची मुलगी सॅन होजेला असते. आम्ही दोघांनी तिला स्पष्ट सांगून ठेवलंय, जो मागे राहील त्याच्यासाठी ये, गेलेल्यासाठी धावू नकोस. अग्नी पुतण्या देईल. त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय. हिची एकच अट आहे, अस्थी नर्मदेत सोडायला लेक हवी. ओंकारेश्वर इथून ऐंशी किलोमीटर. त्याला काही घाई नाही, तिला सुट्टी मिळेल तेव्हा.