पेढीवरून : दिंडोरीत पडदा टिकेल काय?



अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आमचा धाकटा पुतण्या पेढीवर आला आणि गादीवर न बसता उभ्यानेच म्हणाला, ‘काका, मागचे गोदाम मला द्या. ऐंशी खुर्च्यांचे चित्रपटगृह काढतो.’ ज्या गोदामात वडिलांच्या काळी शेंगदाण्याची पोती असत आणि आता मोडका तराजू व रिकामे बारदान आहे, त्या गोदामाविषयी हे बोलणे. मुनीमजींनी चष्म्यावरून एकवार त्याच्याकडे पाहिले व पुन्हा रोजमेळात मान घातली. मी हसलो नाही, याचे श्रेय वयाला द्यावे लागेल. वीस वर्षांपूर्वी मी नक्की हसलो असतो.

पुतण्याचे म्हणणे साधे होते. दिंडोरीपासून नाशिक पंचवीस किलोमीटर. सिनेमा पाहायचा तर तेथेच जावे लागते. जाणारी सारी तरुण मुले, तीही दुचाकीवर, आणि परत येतात मध्यरात्री. त्यांच्या आया जाग्या असतात. तालुक्यात आता केवळ शेतकरी राहिलेला नाही. अक्राळे-तळेगावच्या कारखान्यांत पाळीने काम करणारी माणसे आहेत, मोहाडीला ‘सह्याद्री’चा मोठा पसारा आहे, द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून मजूर येतात आणि त्यांच्या हाती रोख पैसा असतो. ‘गिऱ्हाईक गावात आहे, माल पंचवीस किलोमीटरवर आहे, मग दुकान इथे का नको?’ असा त्याचा प्रश्न. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाने विचारावा असाच तो आहे, म्हणून त्याचे उत्तर वहीवर मांडून द्यावे असे मी ठरवले.

प्रथम एक गोष्ट नोंदवतो. चित्रपट ही आपल्या जिल्ह्याला परकी वस्तू नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. त्यासाठीचे भांडवल कसे उभे राहिले हे मात्र आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज निघाले, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. पुढे १९१८ मध्ये धनिक भागीदार मिळून हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली, तेव्हा पैसा आला आणि पैशाबरोबर मतभेदही आले. दादासाहेब काही काळ सारे सोडून काशीला निघून गेले. कलावंत आणि भांडवलदार यांच्या भागीदारीत लेखी करार किती स्पष्ट हवा, याचा हा आपल्या जिल्ह्यातलाच दाखला आहे. नाशिकचे विजयानंद नाट्यगृहही पाहा. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथे ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, आणि त्याच वास्तूत पुढे चित्रपट दाखवले जाऊ लागले.

आपला समाजही या धंद्याला अगदी अनोळखी नाही. कुचामणहून आलेल्या ताराचंद बडजात्यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी ‘राजश्री’ सुरू केली ती चित्रपट काढण्यासाठी नव्हे, वितरणासाठी. दुसऱ्यांचा माल गावोगावी पोचवीत, कोणत्या गावात काय खपते हे पंधरा वर्षे पाहिले, आणि १९६२ मध्ये ‘आरती’ काढला. ‘दोस्ती’ आला १९६४ मध्ये. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘पंधरा वर्षे थांबायला कुणाला वेळ आहे?’ हे उत्तर मला आवडले नाही, पण ते वयाला धरून होते.

आता हिशेब. देशातील सर्वांत मोठ्या चित्रपटगृह साखळीचे २०२३-२४ चे आकडे प्रसिद्ध आहेत. तिकिटाची सरासरी सुमारे २५९ रुपये, खाण्यापिण्यावर माणशी सुमारे १३२ रुपये, आणि शंभर खुर्च्यांपैकी भरलेल्या सरासरी पंचवीस-सव्वीस. हा शेवटचा आकडा पाहून पुतण्या थोडा गप्प झाला. मोठमोठ्या शहरांत, वातानुकूलित इमारतींत, नामांकित नटांचे चित्रपट लावूनही चारांतली एक खुर्ची भरते. आपण दिंडोरीतही तेवढेच धरू. ऐंशी खुर्च्या, रोज तीन खेळ, प्रत्येकाला वीस प्रेक्षक, म्हणजे दिवसाला साठ आणि महिन्याला अठराशे.

तिकीट शंभर रुपये. ते शंभरच का, यालाही कारण आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के आहे, त्यावर गेले की अठरा टक्के. म्हणजे तिकीट शंभराचे एकशेवीस केले तर कर वजा जाता हाती जेमतेम साडेसहा रुपये जास्त पडतात आणि गिऱ्हाईक वीस रुपयांनी दुखावते. तेव्हा शंभर. महिन्याची विक्री एक लाख ऐंशी हजार, कर जाऊन एक लाख एकाहत्तर हजार. नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा वितरकाचा. पुढच्या आठवड्यांत तो उतरतो, पण लहान गावात दुसऱ्या आठवड्याला तोच चित्रपट पाहायला कोण येणार? सारे गाव पहिल्या तीन दिवसांत पाहून घेते. म्हणून निम्माच धरला, उरले पंच्याऐंशी हजार सातशे. खाण्यावर माणशी चाळीस रुपये व त्यात निम्मा नफा धरला तर छत्तीस हजार. एकूण जमा एक लाख एकवीस हजार सातशे.

नावे बाजूस, अंदाजाने, चार माणसांचे पगार साठ हजार, वीज चाळीस हजार, यंत्राची देखभाल, साफसफाई, विमा वगैरे वीस हजार. बेरीज एक लाख वीस हजार. हाती उरले सतराशे रुपये! यंत्र, पडदा, ध्वनी, खुर्च्या, आगीपासून संरक्षणाची व्यवस्था या सर्वांना समजा चाळीस लाख लागले, तर दहा टक्के दराने महिन्याचे व्याजच तेहतीस हजार तीनशे. गोदामाचे भाडे मी यात धरलेले नाही. घरचे आहे म्हणून फुकट समजायचे, हीच आपल्या अनेक दुकानांतली पहिली चूक असते.

पुतण्याने कागद ओढून घेतला व गणित उलटे मांडले. एका जादा प्रेक्षकामागे साधारण सदुसष्ट रुपये सुटतात, तर व्याज भागवायला रोज किती प्रेक्षक वाढायला हवेत? ‘काका, सोळा! फक्त सोळा माणसे!’ त्याचे डोळे चमकले. मी म्हटले, आणखी सोळा यंत्राच्या घसाऱ्याची. दहा वर्षांनी तेच यंत्र बदलावे लागेल आणि तेव्हा चाळीस लाख पुन्हा कुठून आणणार? म्हणजे साठाच्या जागी रोज ब्याण्णव. तेही रविवारी नव्हे केवळ, आषाढातल्या मंगळवारीसुद्धा. छाटणीच्या दिवसांत, औषध फवारणीच्या दिवसांत, अवकाळीने मणी तडकलेल्या आठवड्यातसुद्धा. द्राक्षाचा पैसा गावात हंगामाने येतो, विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते.

येथे प्रकरण संपले असते. पण व्यापाऱ्याने केवळ न चाललेली दुकाने मोजू नयेत, चाललेली का चालली तेही पाहावे. लालबागचे भारतमाता हे एका वस्तीचे चित्रपटगृह. गिरणीच्या जागेवर उभे, गिरणगावाच्या मधोमध, तिकीट परवडणारे, चित्रपट मराठी. पाळी संपवून कामगार पायी येत. १९८२ च्या संपानंतर तो कामगारवर्गच पांगला, तरी भारतमाता राहिले. करोनाकाळात बंद पडले, नूतनीकरण होऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडले. पुण्याचे प्रभात १९३४ पासून २०१४ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षे, त्या नावाने चालले. ते नाव उतरले, पण प्रेक्षक नव्हते म्हणून नाही. जागा मूळ मालकांकडे परत गेली, म्हणून. भारतमातालाही प्रेक्षकांपेक्षा जागेच्या प्रश्नानेच अधिक घोर लावला. यावरून मला असे वाटते की वस्तीतल्या पडद्याचे खरे वैरी मोबाइल किंवा दूरचित्रवाणी नव्हेत, त्याच्या पायाखालच्या जमिनीचा भाव हा आहे. आमच्या गोदामाचीच गोष्ट घ्या. रस्त्याला लागून गाळे काढले तर भाडे सुरू होईल, हे मलाही ठाऊक आहे आणि पुतण्याच्या वडिलांना तर माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

याच जिल्ह्यातल्या मालेगावकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. यंत्रमागांचे गाव, शुक्रवारची सुटी, आणि त्या दिवशी सिनेमाकडे लोटणारे मजूर. तेथे नासिर शेख स्वतःचे छोटे व्हिडिओगृह चालवीत. दुसऱ्यांचे चित्रपट दाखवता दाखवता त्यांनी गावातलीच माणसे घेऊन सुमारे पन्नास हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला आणि लोकांनी तो उचलून धरला. पुढे त्यांच्या चित्रपटनिर्मितीवरचा माहितीपट जगभर पाहिला गेला, आणि २०२५ मध्ये त्यांच्या गोष्टीवर हिंदी चित्रपटही आला. मालेगावाला जे साधले त्याला मोठी इमारत लागली नाही. ठरलेला सुटीचा दिवस, हाकेच्या अंतरावरची जागा आणि गावाचा नाद ओळखणारा एक माणूस, एवढ्यावर ते उभे राहिले.

रात्री जेवणे आटोपल्यावर (आमच्याकडे ती सूर्यास्तापूर्वीच आटोपतात) घरात हा विषय निघाला. दोघेही भाऊ गाळ्यांच्या बाजूने बोलले. तेव्हा सूनबाई, जी सहसा अशा चर्चेत बोलत नाही, म्हणाली, ‘लग्न होऊन सहा वर्षे झाली. मी एकदाही पडद्यावर सिनेमा पाहिलेला नाही. मुलाला घेऊन, सासूबाईंना सोबत घेऊन पंचवीस किलोमीटर जायचे, तिघांची तिकिटे, येण्याजाण्याची गाडी, आणि रात्रीच्या खेळाला तर प्रश्नच नाही.’ कोणी काही बोलले नाही. माझ्या लक्षात आले की माझ्या हिशेबातल्या रोजच्या साठ माणसांत मी या बाईला धरलेच नव्हते. मी त्या दुचाकीवरच्या मुलांना धरले होते, आणि ती तर गावात पडदा आला तरी नाशिकलाच जाणार. त्यांना सिनेमाइतकेच नाशिक हवे असते. गिऱ्हाईक ओळखण्यात काका आणि पुतण्या दोघेही चुकले होते.

मग गणित बदलले. घरातल्या बायका, वडीलधारी मंडळी, शाळेतली मुले यांना रोज तीन खेळ नकोत. पंधरवड्यातून एक हवा, दुपारी तीनचा, सहाच्या आत सुटणारा. त्यासाठी गोदाम कशाला? चातुर्मासात लग्ने नसतात, मंगल कार्यालये ओस पडलेली असतात आणि मालक कमी भाड्यातही खूश असतो. (चातुर्मासात आपली मंडळी करमणुकीपासून जरा दूर राहतात, हे खरे. पण गाव आपल्या एकट्याचे नाही, आणि पर्युषणाचे दिवस वगळूनही आठ रविवार निघतात.) यंत्र विकत न घेता भाड्याने आणायचे. वर्गणी आधी जमवायची. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून वर्गणीदार सभासदांच्या बळावर उभे आहे, तेव्हा ही वाट नवी नाही. दर खेळाला सभागृह चार हजार, यंत्रसामग्री चार हजार, प्रदर्शनाचे हक्क पाच हजार असा अंदाज धरला तर आठ खेळांचे एक लाख चार हजार. घरटी हजार रुपयांप्रमाणे एकशेवीस घरे आली तर सोळा हजार शिल्लक. शंभरच आली तर चार हजारांचा खड्डा, तो पेढी सोसेल.

हक्कांविषयी एक शब्द. पुतण्याच्या एका मित्राने पेनड्राइव्हवर हवा तो चित्रपट फुकट आणून देण्याची तयारी दाखवली. ती मी तेथेच नाकारली. निर्मात्याच्या परवानगीवाचून गावाला सिनेमा दाखवणे कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय ते दुसऱ्याच्या गोदामातले पोते उचलण्यासारखे आहे. जाहीर खेळासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून काय परवानगी लागते, ते पाहण्याचे काम पुतण्याकडे दिले आहे. परवानगीच्या दोन-चार खेपा घातल्यावर त्याला चित्रपटगृह काढावेसे वाटते की नाही, तेही आपोआप कळेल.

गोदामाचा निर्णय दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत राखून ठेवला आहे. भावांना मी तसा शब्द दिला आहे, पुतण्यालाही दिला आहे. दोघांना दिलेले शब्द एकमेकांशी जुळतात की नाही, याची मला रोज संध्याकाळी काळजी वाटते. तोवर वर्गणीची वही सूनबाईकडे आहे. आजमितीस त्यात एकाहत्तर नावे आहेत, रोख आलेली अडतीस. आईने आपले नाव स्वतः सांगून लिहून घेतले, पण पैसे दिले नाहीत. पाठ टेकायची खुर्ची मिळणार आणि जिना चढावा लागणार नाही, हे आधी पक्के करा म्हणते. मंगल कार्यालयाचे मोठे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर पंगतीची जागा आहे, तेथे पडदा लागतो का, ते पाहायला पुतण्या आज सकाळी टेप घेऊन गेला आहे.