रेडिओ गेला त्याचं दुःख नाही, त्याच्याभोवतीची बैठक गेली त्याचं आहे



दोन दिवस झाले, पाऊस उघडायला तयार नाही. कपाशीत पाय टाकता येत नाही, म्हणून घरी बसून लिहितो. विषय वाचून वाटेल की हा शेती सोडून भलतीकडेच चालला. पण शेवटी येणार शेतीवरच.

टीव्ही यायच्या आधीच्या संध्याकाळी रेडिओवर जायच्या. जुनी माणसं त्या आठवणी काढायला बसली की गाणी निघतात. रेडिओ सिलोनवर 1952 ला सुरू झालेली बिनाका गीतमाला, बुधवारची रात्र आणि अमीन सायानींचा आवाज. 1957 ला आलेली विविध भारती, तिच्यावरचं हवामहल. मुंबई केंद्राच्या प्रपंचमधले टेकाडे भावजी आणि मीना वहिनी तर घरातलेच वाटायचे. सेल उतरले की ते उन्हात वाळत घालायचे, म्हणजे अजून चार दिवस निघायचे. रेडिओचा परवाना लागायचा, त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरायचे.

तरुण पोरांना एक गंमत माहीत नसेल. दिवसा आमच्याकडे लांबच्या केंद्रावर नुसती खरखर असायची, पण दिवस मावळला की मुंबई, नागपूर, हैदराबाद धरायला लागायचं. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या एका थरात जिरून जातात. सूर्य बुडाला की तो थर विरतो, मग त्याच लहरी आणखी वरून परत फिरून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणजे बैल गोठ्यात बांधले, धारा काढल्या, शेतकरी मोकळा झाला, की नेमका त्याच वेळी रेडिओ साफ व्हायचा.

आता मुद्दा. रेडिओ गावात दोन-चार घरी, त्यामुळे ऐकायला वीस-पंचवीस माणसं एका जागी. गाण्यासाठी आलेला माणूस आधी लागलेला शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभावही ऐकायचा. आणि कार्यक्रम संपला की खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. संकरित ज्वारीवर तर केवढे वाद! एक म्हणणार उतारा दुप्पट. दुसरा म्हणणार, कडबा बुटका पडतो, जनावराला काय घालू? तिसरा म्हणणार, कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडतो, भाकरीला चव नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. ऐकणारा मग ठरवायचा, यंदा एकरभर करून बघू.

हे मी नुसतं आठवणीवर बोलत नाही. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने 5 जिल्ह्यांतल्या 150 गावांत एक प्रयोग केला. संध्याकाळी अर्ध्या तासाचे 20 कार्यक्रम झाले. गावोगाव गट बसवले, आधी ऐकायचं, मग चर्चा करायची, प्रश्न पुण्याला कळवायचे. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, त्यामुळे आपण त्यात नव्हतो. पण निकाल आपल्याही कामाचा आहे. गट असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. गट नसलेल्या गावांत फरक नावापुरता, मग तिथे रेडिओ असला तरी. नुसत्या डब्याने काही होत नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

कोणी म्हणेल, आबा, जुनं ते सोनं करू नका. नाही करत. ज्याच्या घरी रेडिओ, त्याचीच मर्जी चालायची. बायांना दाराआडून ऐकावं लागे, आणि काही घरची माणसं त्या ओट्यावर चढूच शकत नव्हती. एवढ्यापुरता आजचा मोबाईल शंभर पटीने बरा. माझ्या सुनेला मोसंबीच्या फळगळीची माहिती कोणाच्या ओट्यावर न जाता मिळते.

पण मोबाईलवर आलेल्या सल्ल्याला 'थांब जरा' म्हणणारं कोणी नाही. गेल्या साली आमच्या शिवारात एकाने फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरून तीन औषधं एकाच पंपात कालवून मोसंबीवर मारली. पानं करपली. मेसेज कोणाचा, जमीन कुठली, पाणी किती, काहीच माहीत नाही. चार माणसांत तो मेसेज मोठ्याने वाचला असता तर एखाद्या म्हाताऱ्याने तिथेच अडवला असता. ग्रुपमध्ये 250 लोक आहेत, पण तिथे अंगठा दाखवतात, उलट प्रश्न कोणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ बसा. परभणी कृषी विद्यापीठाचा हवामान आधारित सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो एकाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. आपल्या गावात पाऊस किती झाला, बोंडअळीच्या सापळ्यात पतंग किती सापडले, कोणी काय फवारलं आणि गुण काय आला, हे वहीत लिहायचं. न सुटलेला प्रश्न घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जायचं. तिथलं मासिक चर्चासत्र याच धर्तीवर चालतं. बायांना ओट्याच्या वर बसवायचं, दाराआड नाही.

आणि कृषी खात्याच्या, विद्यापीठाच्या मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. नुसती लिंक पाठवून काम संपवू नका. ती ऐकून माणसं काय म्हणाली, हेही विचारा. पुण्यावाल्यांनी 1956 ला पत्रं मागवून विचारलं होतं, आता तर फोन खिशात आहे.

शेवटी गाणीही लावा. नुसत्या फवारणीवर बोलायला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. रेडिओवाल्यांना हे बरोबर कळलं होतं.

आम्ही शुक्रवारी बसतोय. तुमच्या गावात जमलं तर कळवा.