ध्वनिमुद्रणाची खोली आणि पेठचे भजन

गणरायांचे आगमन समीप आले की नव्या आरत्यांचा आणि गीतांचा पूर लोटतो. पेठसारख्या डोंगराळ तालुक्यातील भजनी मंडळासही आता आपले गाणे मुद्रित करणे संगणकामुळे आवाक्यात आले आहे. ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते. मात्र ते कोणत्या खोलीत मुद्रित व्हावे, याचा विचार अभावानेच होतो.

ध्वनिमुद्रणालय म्हणजे महागडी यंत्रे, असा समज आहे. वस्तुतः मोठा खर्च होतो तो शांततेवर. खोलीच्या आत दुसरी खोली बांधतात. तिची जमीन रबरावर तोलतात. गायक आणि मुद्रक यांच्यामध्ये दुहेरी काच असते. समोरासमोरच्या भिंती शक्यतो समांतर ठेवीत नाहीत, कारण आवाज त्यांच्यात चेंडूसारखा टोलवला जातो. मृदंगाचा घुमारा कोपऱ्यांत साठतो, म्हणून तेथे काचलोकरीचे जाड थर देतात.

अशा खोलीत आज बहुधा एकेक कलावंत कानांस यंत्र लावून स्वतंत्र गातो-वाजवतो. चुकलेला सूर मागाहून संगणक सरळ करतो. चित्रपटगीतास ही सोय मोठी. पण भजनाचे काय? टाळकरी बुवांच्या चेहऱ्याकडे पाहून लय वाढवितो. बुवांनी ओळ सोडताच मंडळी ती उचलतात. तुकड्या-तुकड्यांनी मुद्रण केल्यास नेमके हेच हरपते, आणि आजच्या वृद्ध बुवांचे गाणे नातवंडांस त्याच रूपात मिळणार! 1955 च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांची आणि सुधीर फडक्यांची ती 56 गीते घडली तेव्हा गायक-वादकांनी एकत्र बसून गाणे हीच रीत होती. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातील पावरी तर उघड्या माळाची. कोंदट खोलीत तिचा जीव गुदमरतो, असे आमचे मत आहे.

म्हणून मंडळांनी शहरातील अरुंद खोलीचा हट्ट धरू नये. शाळेची मोठी खोली रात्री मिळवावी, भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, पंखे बंद ठेवावेत. बुवा ध्वनिग्राहकाजवळ, मृदंग त्यांच्या मागे आणि टाळकरी सर्वांत दूर बसवावेत, कारण टाळेचा तीक्ष्ण नाद इतरांना गिळून टाकतो. छप्पर पत्र्याचे असल्यास मात्र दिवाळीपर्यंत थांबावे. भाद्रपदातील एकच सर सारी रात्र वाया घालवील.