आजार, गाणे आणि श्रेय

कलावंताच्या वाट्याला आलेले दुःख हेच त्याच्या प्रतिभेचे मूळ मानण्याची सवय मराठी चरित्रलेखनाला जुनीच आहे, आणि पंडित कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांच्याइतका या सवयीला बळी पडलेला गायक क्वचितच दाखवता येईल. क्षयाने त्यांचा आवाज हिरावला आणि सक्तीच्या मौनाने त्यांना नवे गाणे दिले, असा सुटसुटीत हिशेब त्यांची जन्मशताब्दी होऊन गेल्यावरही मांडला जातो. हा हिशेब ऐकायला गोड असला तरी त्यात आजाराला नको तेवढे श्रेय मिळते, आणि ज्या गोष्टींमुळे ते गाणे खरोखर शक्य झाले त्या नजरेआड होतात.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांची गायकी हुबेहूब उतरवत असे, आणि या चमत्कारामुळेच ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला बालपणीच मिळाली. अनुकरणावर मिळालेली कीर्ती वय वाढेल तशी ओसरते. अशा किती बालगायकांची नावे आज कोणाला आठवतात? येथे तसे झाले नाही, याचे कारण मुंबईतील प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात शोधावे लागते. घराणे म्हणजे आवाजाचा लगाव, लयीशी असलेले नाते आणि राग मांडण्याचा क्रम यांविषयीची विशिष्ट शिस्त गुरूकडून शिष्याकडे पोचवणारी परंपरा. देवधर स्वतः विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य असले तरी त्यांच्याकडे निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गात आणि वाद घालत, त्यामुळे कोणतीही एक शिस्त अंतिम न मानता प्रत्येकीला ‘असेच का?’ असे विचारण्याची सवय या विद्यार्थ्याला तेथेच लागली. म्हणजे प्रश्न आजाराच्या आधीचे होते. आजाराने त्यांना सक्तीची सवड दिली, एवढेच.

१९४७मध्ये भानुमतींशी विवाह झाला आणि लवकरच क्षयाचे निदान झाल्याने कोरड्या हवेसाठी हे दांपत्य १९४८च्या आरंभी माळव्यातील देवासला राहायला गेले. गाण्यास पूर्ण मनाई होती आणि ती सुमारे पाच वर्षे टिकली. या काळाचे वर्णन करताना जिद्दीचा उल्लेख हमखास येतो, पण क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्याच सुमारास उपलब्ध झाले नसते, तर जिद्दीला फारसे काही करता आले नसते. शिवाय, स्वतः गायन शिकलेल्या भानुमतींनी शाळेत नोकरी करून संसार चालवला आणि शुश्रूषाही केली. ज्याला टिकून राहणे म्हणतात, त्यात रुग्णाखेरीज औषधाचा आणि घरच्यांचा वाटा किती असतो, याची नोंद चरित्रकार सहसा एका वाक्यात उरकतात.

अंथरुणावर पडून असताना त्यांच्या कानावर येत राहिली ती माळव्यातील स्त्रियांची सणासुदीची व लग्नाची गाणी, तसेच नाथपंथी परंपरेतील निर्गुणी, म्हणजे निराकार ईश्वराला उद्देशून गायिली जाणारी, भजने. लोकगीताची धून बहुधा मोजक्याच स्वरांत फिरते; तिचे बारकाईने श्रवण करताना रागांची बीजे याच धुनांत आहेत हा सिद्धांत त्यांच्या मनात पक्का होत गेला. तो केवळ मांडून ते थांबले नाहीत, तर धुनांमधून त्यांनी प्रत्यक्ष नवे राग बांधले आणि त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले. लगनगंधार, संजारी, मालवती, सहेली तोडी ही त्यांतली काही नावे. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह १९६५मध्ये प्रसिद्ध झाला.

गाणे पुन्हा सुरू झाले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होते. दीर्घ श्वासाच्या ताना शक्य नव्हत्या, म्हणून छोटे स्वरसमूह, अचानक उसळून येणारा तार स्वर आणि दोन स्वरांमधली अर्थपूर्ण शांतता यांवर त्यांनी मांडणी उभी केली. विलंबित ख्यालाचा सावकाश, पायरीपायरीने होणारा विस्तार येथे मिळत नाही, हा तत्कालीन जाणकारांचा आक्षेप निराधार नव्हता आणि भक्तांनी तो उगाच झटकून टाकला. मर्यादा होतीच, तिच्याभोवती नवे सौंदर्यशास्त्र रचले गेले, तरी ती नाहीशी झाली नाही. १९६१मध्ये भानुमतींचे निधन झाले. पुढे द्वितीय पत्नी वसुंधरा यांची साथ त्यांच्या गाण्याला लाभली, आणि ऋतुगीतांपासून ‘मला उमजलेले बालगंधर्व’पर्यंतचे विषयवार कार्यक्रम रसिकांसमोर आले. १९९०मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

गळा बंद असताना ज्याची चूल पेटती राहते, त्याच कलावंताच्या चिवटपणाची पुढे चरित्रे लिहिली जातात, आणि ती चूल कोणाच्या तरी पगारावर पेटत असते. मैफली भरवणारी मंडळे, सभागृहांचे विश्वस्त आणि या अंकाचे वाचक यांनी दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांचा खर्च ठरवताना, आजारपणामुळे या वर्षी व्यासपीठावर येऊ न शकणाऱ्या एखाद्या गायक-वादकाचे मानधनही त्यात धरावे, ही विनंती.